गुडघ्यानं वाजवायची गिटार

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावच्या फाट्यावर सगळी गल्ली जमली होती. नांदेडला जाणारी जीप उभी होती, तिथून पुढे हैदराबादचं विमानतळ. लोक मायेनं आले होते असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू द्या. निम्मे आले होते माझ्या बॅगा किती मोठ्या आहेत ते बघायला आणि उरलेले आले होते, ही पोरगी वर्षाच्या आत रडत परत येती, असं एकमेकांना सांगायला. सुदाम काका, म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ आणि आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, त्यांनी जीपच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिकडं समदे चर्चात जातात. कुणी बोलावलं तरी जाऊ नको. आपला रस्ता बराबर हाय." तोंडात पान होतं. उपदेश संपला तसं त्यांनी थुंकायला जागा शोधली.

मायनं माझ्या ओढणीला लागलेली हळद झटकली. आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्यांच्याच अंगाला ती लागलेली असायची. "कुणाच्या दबावात राहू नको, बाई," एवढंच ती बोलली. बाबांना निरोप देता येत नाही. ते जीपच्या पलीकडं उभे राहून टायरात हवा आहे का ते बघत होते.

आता मी अलाबामा राज्यातल्या एका लहानशा गावात फिजिओथेरपिस्ट आहे. वृद्धाश्रमात आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे, खुबे, खांदे पुन्हा चालते करणं हे माझं काम. नवरा मिलिंद वाशिमचा, तो घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. हे लिहायला बसले त्याला कारण आहे. आम्ही धर्म बदलला असं तुम्ही हट्ट्यात परस्पर ठरवून टाकलं. कुणी मला विचारलं नाही, बाबांना विचारलं ते उत्तर ऐकायच्या तयारीनं नाही. तुम्हाला पटवून द्यायची मला हौस नाही. पण माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं जाऊन पडलेल्या लोकांना तरी कळावं, की झालं काय होतं.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि गायन पार्टीत गिटार वाजवायचे. उभी धरून छेडायची ती नव्हे. ते खाली मांडी घालून बसत, गिटार मांडीवर आडवी ठेवत आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरवत. हवाईयन गिटार म्हणायचे तिला. जयंतीच्या महिन्यात कळमनुरी, औंढा, वसमत, कुठून कुठून पार्टीला बोलावणी यायची. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, त्या मोकळ्या जागेत बाबांची कांडी हळूच वर चढायची. बायका पदर डोळ्याला लावायच्या.

वसमतला एक संगीतशिक्षक होते, परीक्षा बिरीक्षा घेणारे. त्यांनी एकदा बाबांचं वादन ऐकून चारचौघांत सांगितलं, "ह्याला वाद्य म्हणत नाहीत. मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं वाटतं." बाबा हसले होते. मी लहान होते, मला हसू आलं नाही. त्या गृहस्थांना शेवटपर्यंत स्वतःची एक तान धड घेता आली नाही, हे वसमतमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण नावं ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडं होता. तो कुणी दिला ते माहीत नाही.

पुढं कीबोर्ड आला, मग डीजे आला. पार्टीतल्या पोरांनीच बाबांना सांगितलं, "गुरुजी, आता तुमच्या गिटारीला कोण ऐकून राहिलं?" जयंतीला आता ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर असतात आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. बाबांकडं एवढं एकच काम राहिलं, दर पौर्णिमेला विहारात वंदना सांगायची. तो आवाज त्यांचाच होता आणि ती जागाही त्यांचीच.

इथं आल्यावर मी हे सगळं विसरले होते. मग हॉलिस भेटले.

हॉलिस म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेला, लाकडाच्या वखारीत जन्म घालवलेला गोरा म्हातारा. उजवा गुडघा नवा बसवलेला. घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. त्यांची इंग्रजी अशी की शहरातली माणसं ती ऐकून गालातल्या गालात हसतात, म्हणून मी ती आपल्याच बोलीत सांगते. आमच्या कामात पहिल्या दिवशी विचारायचं असतं, बरं झाल्यावर काय करायचंय. कुणी म्हणतं जिना चढायचाय, कुणी म्हणतं मासे धरायला जायचंय. हॉलिस म्हणाले, "मला गुडघा आडवा हलवायचा हाय. डावीकडं बी आन् उजवीकडं बी."

"चालायला आडवा गुडघा लागत नाही," मी म्हणाले.

"चालायचं कोण म्हणून राहिलं? मला वाजवायचं हाय."

मला वाटलं भूल अजून उतरली नाही. मग त्यांनी बैठकीतल्या एका टेबलावरची चादर काढली. ते टेबल नव्हतं. चार पायांवर उभी केलेली आडवी गिटार होती, दहा तारांची. खाली पावलांनी दाबायची पेडलं, आणि त्यांच्या वर, दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या. पेडल स्टील म्हणतात तिला. त्यांनी अंगठ्यात आणि बोटांत तारा छेडायच्या नख्या चढवल्या, डाव्या हातात पोलादी कांडी धरली आणि एक सूर काढला.

मी बाबांच्या गिटारीसमोर वाढलेली, मला वाटलं हे तर आपलंच. पण तेवढ्यात असं काही झालं, जे बाबांच्या गिटारीवर कधी होत नव्हतं. कांडी हलवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र घसरतात. इथं कांडी जागची हलली नाही. दोन सूर स्थिर राहिले आणि तिसरा एकटाच त्यांच्यामधून वाट काढत वर गेला, जाऊन बसला. तो सूर पावलानं ओढला होता. हॉलिस म्हणाले, "आता ह्याला उतरवायचा तर गुडघा लागतो." त्यांनी गुडघा बाजूला नेला आणि वेदनेनं डोळे मिटले. सूर अर्ध्यात लटकत राहिला.

त्या दिवसापासून आम्ही आडवे व्यायाम सुरू केले.

गुडघा हलू लागला तसं त्यांनी मला रविवारी चर्चला बोलावलं, तुमचंच काम हाय, ऐकून तर जा म्हणाले. मी गेले. पांढऱ्या रंगाचं, लाकडी फळ्यांचं जुनं चर्च. आत सगळे गोरे. रस्त्याच्या पलीकडं तसंच दुसरं चर्च, तिथं सगळे काळे. देव एक, पुस्तक एक, मध्ये एवढा रस्ता. आमच्या लोकांना चर्चबद्दल विचारायचंच असेल तर त्यांनी हा रस्ता विचारावा, मला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही. पाण्याची टाकी कुणाच्या बाजूला आहे ते बघून गाव ओळखणारी माणसं आपण. प्रवचनात पास्टर प्रेमावर पाऊण तास बोलले. मी खिडकीतून समोरच्या चर्चचं दार बघत होते.

मग चार माणसं गायला उभी राहिली. चार आवाजांची एकमेकांत गुंफलेली गाणी, सदर्न गॉस्पेल. शब्द साधे, नदीपलीकडच्या घराचे, तिथं भेटणाऱ्या आईबापांचे. गाणारेही बेतास बात, सगळ्यात जाड आवाजवाल्याला तर धाप लागत होती. पण त्यांच्यामागं हॉलिस बसले होते. गाणं चालू असताना त्यांचे हात तारांवर नुसते ठेवलेले. ओळ संपून चौघं श्वास घ्यायला थांबले की तेवढ्या जागेत ते यायचे. आवाज कमी-जास्त करायला उजव्या पायाखाली आणखी एक पेडल असतं. तार छेडतात तेव्हा आवाज बंद असतो आणि मग पाऊल हळूहळू दाबतात. त्यामुळं सुराला सुरुवातच नसते. कुठून आला कळत नाही, आधीपासून तिथंच होता आणि आपलं लक्ष आत्ता गेलं असं वाटतं. मला देवाधर्माचं एक अक्षर शिवलं नाही. पण त्या वाद्यानं जे केलं ते माझ्या छातीत झालं, आणि मी ते नाकारणार नाही.

नंतर मी विचारलं, "तुम्ही इतकं कमी का वाजवता?"

"मधीमधी बोलणाऱ्याला आमच्याकडं कुणी जेवायला बोलवत न्हाई," हॉलिस म्हणाले.

दिवाळीला इथून दोन तासांवरच्या शहरात मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो. तिथं मी हे उत्साहानं सांगितलं, एवढी मी भोळी. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आधी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं, मग हिंगोली म्हणजे नक्की कुठे ते विचारलं, मग म्हणाल्या, "अगं, ते रडकं गावंढळ संगीत? आम्ही गाडीत लागलं तरी बंद करतो." त्यांच्या यजमानांनी नाक दाबून स्टीलचा आवाज काढून दाखवला, म्याँव म्याँव. सगळे हसले. मग तेच यजमान स्टेजवर गेले आणि मोबाईलवर लावलेल्या रेडिमेड संगीतावर त्यांनी एक भावगीत म्हटलं. संगीत पुढं गेलं, ते मागं राहिले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी श्रीखंड संपवलं आणि निघाले. माणसं समुद्र ओलांडतात पण वसमतच्या त्या मास्तरला खिशात घालून आणतात.

मग बाबा आले. माय आली नाही, म्हशीला सोडून विमानात बसणाऱ्यातली ती नव्हे. मी बाबांना हॉलिसबद्दल फोनवर सांगितलंच होतं. पोचल्यावर पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "तो गुडघ्याचा माणूस कवा वाजवतो?"

"रविवारी. पण चर्चात."

"देवाचं त्यांचं ते बघून घेतील. मला तार ऐकू दे."

रविवारी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. प्रवचन होतं तोवर ते छताच्या तुळया बघत होते. गाणं सुरू झालं तसे ताठ झाले. पहिल्या ओळीनंतर हॉलिसचा सूर आला आणि बाबांचा डावा हात आपोआप मांडीवर सरकू लागला, जणू कांडी हातात आहे. मध्येच ते माझ्या कानात म्हणाले, "कांडी न हलवता सूर वाकवून राहिला हा माणूस. काय करून राहिला, सांग की मला." मी त्यांना खाली, पायांकडं बघायला सांगितलं. नंतर त्यांनी वर पाहिलंच नाही.

प्रार्थना संपून लोक कॉफी प्यायला मागच्या खोलीत गेले तेव्हा हॉलिसनी बाबांना खुणेनं बोलावलं आणि आपल्या जागी बसवलं. दोघांची एकही भाषा एक नाही. हॉलिसनी कांडी हातात दिली. बाबांनी ती तळहातावर तोलली, मान हलवली. मग बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पावलं पेडलांवर ठेवली. नवं वाद्य त्यांना बुटानं दाबवेना. त्यांनी जयंतीच्या एका जुन्या गाण्याची ओळ वाजवली, आपल्या पद्धतीनं, नुसती कांडी घसरवत. तिच्या शेवटाला हॉलिस वाकले आणि बोटानं एक पेडल दाखवलं. बाबांनी मान खाली घालून ते दाबलं. बाबांचा सूर जन्मात पहिल्यांदा कांडी न हलवता वर चढला. ते तसेच बसून राहिले, मान खाली. मिलिंदनं फोटो काढला आणि कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकला.

फोटोत मागच्या भिंतीवरचा क्रॉस आला होता. पुढं बाबा, अनवाणी, मान खाली. गिटार कुणाला दिसली नाही, की दिसूनही दिसली नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

दुसऱ्या सकाळी सुदाम काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"पायातलं काढून, मान खाली घालून बसला हुतास का न्हाई?"

"व्हय," बाबा म्हणाले.

"कुणाफुडं?"

"गिटारीफुडं."

"काहून खोटं बोलून राहिला? साऱ्या गावानं पाह्यलं."

"साऱ्या गावानं पाह्यलं आसंल. ऐकलं कुणी?"

काकांनी फोन ठेवला. बाबा परत गेले तोवर हट्ट्यात सगळं ठरून गेलं होतं. लेकीनं डॉलर पाहिले आणि गुरुजींनी मान वाकवली. समितीनं बैठक घेऊन त्यांना माफी मागायला सांगितलं. ज्यांना वंदनेचे शब्द आजही कागदात बघून म्हणावे लागतात, तेही मान हलवत बसले होते. बाबा म्हणाले, "म्या तार ऐकली. तार ऐकायची माफी म्या मागणार न्हाई." पौर्णिमेची वंदना काकांच्या जावयाकडं गेली. बाबा अजूनही जातात, मागं भिंतीला टेकून बसतात आणि सगळ्यांबरोबर म्हणतात. "तकलीफ होते का?" असं मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "जागा गेली. आवाज हाय." मायनं मात्र काकांच्या घरी जाणं बंद केलं. हळदीच्या दिवसांत त्यांची चूल आणि आमची चूल आजवर एक असायची, या वर्षी वेगळी पेटली.

इकडं माझ्या गोऱ्यांनी तुमच्यापेक्षा काही मोठे दिवे लावले असं समजू नका. चर्चमध्ये संगीत बघायला एक नवा तरुण नेमला, टेनेसीहून आलेला, जेल लावून केस उभे केलेला. त्यानं सांगितलं की आता वादकांची गरज नाही, सगळी वाद्यं वाजवलेली तयार मिळतात, गाणाऱ्यांनी फक्त त्यावर गायचं. लोकांचं मत घ्यायला सभा ठेवली. मी गेले आणि बोलायला उभी राहिले. मी म्हणाले की हॉलिस गाणाऱ्यांच्या श्वासासाठी थांबतात, तुमची टेप थांबणार नाही, आणि तुमच्या जाड आवाजवाल्याला आत्ताच धाप लागते.

तो गोड हसला. "मॅडम, तुम्ही सभासद नाही." मागून एका बाईनं शेजारणीला म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "हिला आपल्या संगीतातलं काय कळतंय?" ही बाई गेली कित्येक वर्षं हॉलिस वाजवत असताना पर्स आवरत होती.

हात वर झाले आणि हॉलिसची जागा गेली. त्यांनी वाद्य उलटं केलं, त्याचे पाय काढले, पेटीत ठेवलं. पेटीचं एक टोक मिलिंदनं धरलं, दुसरं मी. त्यांचा नवा गुडघा पायऱ्या छान उतरला. त्याचं कौतुक करायला तिथं कुणाला सुचलं नाही.

आता ते गुरुवारी दुपारी, मी काम करते त्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात वाजवतात. चौघांपैकी दोघं चर्चवर रुसून तिथं गायला येतात. आश्रमात मदतनीस असलेल्या मिस रूबी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या. एका गुरुवारी त्या हातातला ट्रे खाली ठेवून गायला लागल्या. हॉलिसचे हात थांबले, मग त्यांच्या ओळीच्या शेवटाला इतक्या हळू आले की चमच्यांचा आवाज करणारी म्हातारीही गप्प झाली. गाणं संपल्यावर हॉलिस मला म्हणाले, "पन्नास वर्सं समोर गाऊन राहिली ही बाई. म्या कधी ऐकलंच न्हाई."

"रस्ता ओलांडला नाहीत म्हणून," मी म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्यांचं वादन कितीही आवडत असलं तरी ही एक गोष्ट मी त्यांना माफ करणार नव्हते.

त्यांनी एकेक नखी काढून खिशात ठेवली. "व्हय," म्हणाले.

दर गुरुवारचं रेकॉर्डिंग मी बाबांना पाठवते. ते ओट्यावर मोबाईल ठेवून ऐकतात. शेजारचे दोन-तीन जण येऊन बसतात म्हणे. समितीतलाही एक जण येतो. मोठ्यानं सांगत नाही.

फोनवर तुम्ही विचारता, घरी कधी येता. मी तारीख सांगते, पण प्रश्न पहिल्यासारखा सोपा राहिला नाही. इथं आले त्या पहिल्या वर्षात मला कुणाचाच राग येत नसे. सगळे हसून बोलायचे, दार धरून उभे राहायचे, मला सगळे चांगले वाटायचे. पाहुणीला सगळे चांगलेच वाटतात. राग यायचा तो फक्त हट्ट्याचा. तिथल्या बैठका, तिथली पानं, तिथली कुजबुज, सगळं आठवून मी इथं एकटी भांडी घासताना बडबडायचे. आता भांडी घासताना मी कुणाला शिव्या देते याचा नेम नसतो. कधी सुदाम काका असतात, कधी पर्स आवरणारी ती बाई. मिलिंद म्हणतो, आधी गाव सांग, मग शिवी दे.

गेल्या आठवड्यात किराणा दुकानात तो उभ्या केसांचा तरुण भेटला. मी ओळखीची वाटले, कुठली ते त्याला आठवेना. तो तसाच गोड हसला आणि म्हणाला, "एखाद्या रविवारी आमच्या चर्चला या ना. नवीन लोकांचं आम्ही मनापासून स्वागत करतो."

मी टोमॅटो निवडत होते. निवडून झाले, पिशवीला गाठ मारली आणि त्याला सांगितलं, "नवीन तू आहेस."